नाटकातलं दार

(गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी पत्रिकेवर 'बंदिस्त अवकाश आणि वातावरणनिर्मिती' असा विषय छापला आहे. मी हौशी रंगभूमीवर नेपथ्य करणारा माणूस. अवकाश म्हटलं की मला सुतार आठवतो, आणि सुतार आठवला की त्याची राहिलेली बाकी. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयातली एकच वस्तू धरून मी बोलणार आहे, ती म्हणजे दार.

अमुक कादंबरीत वाडा हेच एक पात्र आहे, तमुक नाटकात खोली अंगावर येते, असं आपण परीक्षणांत नेहमी वाचतो. माझा अनुभव असा की नुसती खोली कधी अंगावर येत नाही. चार भिंती उभ्या करून त्यांना काळा रंग फासला, तर प्रेक्षकाला पाच मिनिटांत त्याची सवय होते आणि तो खुर्चीत सैलावतो. तो अस्वस्थ व्हायला हवा असेल तर त्याला ठाऊक असावं लागतं की या खोलीला 'बाहेर' आहे, तिकडे जायची वाट कुठून आहे आणि ती वाट कोणाच्या हातात आहे. या तिन्ही गोष्टी दारावरून कळतात. भिंत त्याबाबतीत मुकी.

नाट्यशास्त्रापासून सुरुवात करतो. व्याख्यानात भरतमुनी आले की मागच्या रांगेतली मंडळी घड्याळ बघायला लागतात, पण ही गोष्ट खरंच मजेची आहे. पहिल्या अध्यायात नाट्यगृह का बांधावं लागलं ते सांगितलंय. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला प्रयोग झाला. विषय काय, तर देवांनी असुरांना कसं हरवलं. साहजिकच असुर खवळले. विघ्नांना हाताशी धरून त्यांनी चालू प्रयोगात नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती गोठवून टाकली. (आपल्या जत्रेच्या नाटकांत हे विघ्न अजून येतं, मात्र त्याचं कारण असुर नसून चुकवलेल्या तालमी असतात.) इंद्रानं ध्वजाचा दांडा उचलून विघ्नांना झोडपलं, तोच पुढे 'जर्जर' म्हणून पूजेला लागला. तरी त्रास थांबेना. मग ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला सांगितलं, एक घर बांध.

म्हणजे आपल्या परंपरेत नाट्यगृह बांधलं गेलं ते नको असलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठी. घर झाल्यावर त्याच्या एकेका भागावर एकेक देव राखणीला बसवला. खांबांवर, रंगपीठावर, नेपथ्यगृहावर, सगळीकडे. दाराशी कोण होतं? द्वारपाल म्हणून नियती आणि मृत्यू, आणि उंबऱ्यावर यमदंड. रंगपीठाजवळ स्वतः इंद्र उभा आहे, पण दारावर नियती आणि मृत्यू. हे वाचलं तेव्हापासून मी नाटकातल्या दाराकडे कधी निव्वळ लाकूड म्हणून बघू शकलो नाही.

दुसऱ्या अध्यायात मापं आहेत. ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ, म्हणजे 108, 64 आणि 32 हात. माणसांसाठी 64 हात लांब आणि 32 हात रुंद असं मध्यम नाट्यगृह बांधावं, मोठं नको, असं भरत बजावून सांगतो. कारणंही देतो: फार मोठ्या मंडपात उच्चारलेलं नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. हात म्हणजे अंदाजे दीड फूट धरा. 96 फूट लांबी होते, त्यातली अर्धी प्रेक्षकांची. शेवटच्या रांगेतला माणूस रंगमंचापासून पन्नास फुटांच्या आत. आजची हजार खुर्च्यांची सभागृहं बांधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघायला हरकत नव्हती. पुढे तो म्हणतो की नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेच्या आकाराचा असावा, खिडक्या थोड्या असाव्यात, आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज गंभीर होतो. वारा अडवायचा तो आवाजासाठी. गुहा हवी, पण तिच्या तोंडाशी पहारा हवा.

ग्रीकांचं नाट्यगृह याच्या अगदी उलट. डोंगरउतारावर उघड्यावर बसलेले हजारो लोक आणि डोक्यावर ऊन. बंदिस्त असं तिथे काहीच नाही, एक सोडून: रंगभूमीच्या मागे उभ्या केलेल्या राजवाड्याचं दार. एस्किलसच्या नाटकात राजा आगामेम्नॉन युद्ध जिंकून घरी येतो, बायको पायघड्या घालते, तो दारातून आत जातो. थोड्या वेळानं आतून त्याची किंकाळी ऐकू येते. इ. स. पूर्व 458 मधलं हे नाटक. खून प्रेक्षकांसमोर होत नाही. एवढ्या मोकळ्या जागेत, भर दिवसा, एका बंद दारानं जी भीती तयार केली ती पुढे अडीच हजार वर्षं कामाला येते आहे.

शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहालाही छप्पर मधोमध उघडंच होतं आणि प्रयोग दुपारी व्हायचे. तरी 'मॅकबेथ' आठवलं की आपल्याला रात्रच आठवते. दुपारच्या उजेडात ती रात्र त्यानं शब्दांनी उभी केली, हे इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आपल्याला शिकवलंय. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती राजाच्या खुनानंतरची दारावरची थाप. खून झालाय, नवराबायकोचे हात रक्तानं माखलेत आणि कोणीतरी किल्ल्याचं दार ठोठावतंय. डी क्विन्सी नावाच्या इंग्रज लेखकानं 1823 मध्ये या एका ठोठावण्यावर अख्खा निबंध लिहिला. लहानपणापासून त्या थापेनं आपल्याला विलक्षण काहीतरी का वाटतं, याचा तो छडा लावू पाहतो. त्याचं उत्तर असं की खुनाच्या वेळी ते घर जगापासून तुटलेलं असतं, आणि थाप पडते तेव्हा नेहमीचं जग परत आत शिरतं. तुटलेपण किती होतं ते तेव्हा कळतं. नेपथ्यकार म्हणून मी यात एवढीच भर घालीन की थाप विंगेतल्या फळीवर मारू नका, खऱ्या जाड लाकडावर मारा. कान फसत नाही.

आता आपल्या गोव्यात येऊ. इथे माझ्या मुद्द्याला आधी छेद जाईल असं वाटेल. आपले जुने खेळ उघड्यावरचे. धालो घ्या. पौषातल्या थंडीत, रात्री, गावच्या मांडावर बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, गात गात वाकतात, पुढे येतात, मागे जातात. मांडाला भिंत नाही, छप्पर नाही. पण तुम्ही सहज म्हणून तिथून चालत जाऊन बघा! जाणारच नाही तुम्ही. पाय आपोआप थांबतात. चपला घालून मांडावर चढायचं नाही, पुरुषांनी लांब राहायचं, ठरलेल्या दिवशी मांड सुरू होतो, ठरलेल्या दिवशी विधी करून मिटतो. अदृश्य असलं तरी ते दारच आहे, आणि गावातल्या पोरालासुद्धा ते कुठे आहे ते माहीत असतं. मला हे बंदिस्त जागेचं सगळ्यात शुद्ध उदाहरण वाटतं, कारण इथे भिंतींचा खर्च शून्य आहे. याउलट आपली वातानुकूलित सभागृहं. चहूबाजूंनी भिंती, ध्वनिरोधक पॅनेल, दोन दोन दारं. आणि प्रयोग चालू असताना पाचव्या रांगेत मोबाईलचा उजेड पडतो, की सगळा बाजार आत.

काल्याचंही तसंच. देवळासमोर रात्र रात्र चालणारा दशावतारी काला. सामान काय? एक बाकडं. राजा त्यावर बसला की सिंहासन, उभा राहिला की डोंगर. राजवाड्याच्या भिंती कोणी उभारत नाही आणि कोणाला त्या हव्याही नसतात. पण नीट बघा, पात्र येतं कसं. गाजत, नाचत, पखवाजाच्या ठेक्यावर. संकासुराचं येणं म्हणजे तर पोरांची पळापळ. काल्यात प्रवेश हाच मोठा असतो, पुढचा संवाद अनेकदा नटानं उभ्या उभ्या रचलेला. कोण कुठून आत आलं याला ज्या परंपरेत एवढं महत्त्व, तिला दार कळलेलं नाही असं कोण म्हणेल?

जत्रेची नाटकं हा यातला तिसरा प्रकार, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तोंडाला रंग लावला असेल तो तिथेच. देवळाच्या प्रांगणात माटव, रात्री उशिरा तिसरी घंटा, पहाटे भरतवाक्य. मागे पडदे: रस्ता, जंगल, राजवाडा. पेट्रोमॅक्सच्या सूं सूं आवाजात गायलेली पदं ज्यांनी ऐकलीत त्यांना मी वेगळं सांगायला नको. त्या रंगमंचावर दार म्हणजे दोन विंगांमधली फट. तरी तिथे देवलांचं 'मृच्छकटिक' लागलं की शर्विलकाचा प्रवेश असा काही व्हायचा! शर्विलक हा चोरी करायला निघालेला ब्राह्मण. चारुदत्ताच्या घराला भोक पाडायचं आहे. मूळ शूद्रकाच्या नाटकात तो भिंतीपुढे उभा राहून चक्क विचार करतो की भोक कुठल्या आकाराचं पाडू: कमळाच्या, सूर्याच्या, चंद्रकोरीच्या, की पूर्णकुंभाच्या? मापायची दोरी घरी विसरलाय, म्हणून जानव्यानं माप घेतो. रंगमंचावर भिंत नाही. एक माणूस हवेत हात फिरवतोय. पण त्याला आत जायचंय आणि आत जायला दार नाही, एवढ्यानं प्रेक्षकाला भिंत दिसते, तिची जाडी दिसते, विटा निघताना दिसतात. हा प्रवेश नेपथ्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पाठ करावा असं माझं मत आहे. संवादासाठी नव्हे, माप घेण्यासाठी.

घराकडे वळतो. गोव्यातलं घर म्हणजे उंबऱ्यांची माळ. आंगण, मग सोपो म्हणजे ओसरी, मग आतली खोली, मग राजांगण म्हणजे आतला चौक आणि त्याच्या कडेनं देवघर, रांधणीची खोली. ख्रिस्ती घरात सोप्याच्या जागी बाल्कांव, दाराबाहेर समोरासमोर दोन बैठका, आणि त्यापलीकडे दिवाणखाना. परका माणूस कितवा उंबरा ओलांडू शकतो यावरून त्याचं त्या घरातलं स्थान कळतं. कूळ आंगणात उभं, पोस्टमन सोप्यावर, व्याही आतल्या खोलीत, आणि राजांगणात फक्त घरचे. कोणी न सांगता हे सगळे पाळत असत. गोव्यातल्या घरावर कथा लिहिणाऱ्याला किंवा नाटक करणाऱ्याला ही तयार मोजपट्टी मिळालेली आहे. आणि आपण स्पर्धेच्या नाटकात काय करतो? एक सोफा, एक टीपॉय, मागे खोट्या फुलांची कुंडी. कुठल्याही शहरातला कुठलाही हॉल. कूळ, पोस्टमन, व्याही सगळे एकाच विंगेतून येऊन एकाच सोफ्यावर बसतात, आणि मग लेखकाला त्यांच्यातलं अंतर संवादातून सांगत बसावं लागतं.

जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या तुम्ही बघितल्या असतील. काचेआधीची सोय. उजेड आत येतो, पण दुधाळ होऊन येतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. अंधार नसतानाही घर बंद वाटतं, वेळ किती झाली ते कळत नाही. असा प्रकाश रंगमंचावर हवा होता तेव्हा मी चौकटीवर बटर पेपर ताणून मागून पिवळसर दिवा सोडला होता. प्रकाशयोजनाकार म्हणाला, "नट दिसणार नाहीत." दिसले. थोडे कमी दिसले, ते बरंच झालं.

मराठीत घर आणि कोंडी यांचं नाटक म्हटलं की एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' समोर येतं, 1985 चं. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेले, मुंबईचा भाऊ तेराव्यासाठी आलेला. वऱ्हाडातलं घर, पण आपल्याकडे मामलेदारी किंवा भाटकारी, म्हणजे जमीनदारी, गेलेल्या घरांना ते परकं वाटत नाही. वाड्याच्या भिंती पडायला आल्यात आणि बाहेर एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. म्हातारी दादी सारखी किती वाजले विचारते. यात मला नेहमी जाणवतं ते असं की नाटकभर कोणी ना कोणी वाड्याबाहेर पडायचा विचार करतंय आणि बहुतेकांना ते जमत नाही. रंजू तेवढी घरातलं सोनं घेऊन मास्तराबरोबर पळते. म्हणजे वाड्याला दार आहे, ते उघडतंही. पण तिथून बाहेर पडणाऱ्यानं काहीतरी लुबाडूनच जायचं, अशी त्या घराची रचना झालेली आहे. भिंती कितीही सुबक उभारा, ही गोष्ट प्रेक्षकाला दाराच्या जागेवरूनच कळणार. ते समोर मध्यभागी घेतलंत तर पळणं वीरश्रीचं होईल. बाजूला, अर्धवट खांबाआड घेतलंत तर चोरीचं होईल. दिग्दर्शकानं काय ते ठरवावं, पण ठरवावं.

आणि मग तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', 1967. माझ्या आजच्या विषयाचं हेच खरं पाठ्यपुस्तक. हौशी नाटक कंपनी एका गावात आली आहे, रात्री प्रयोग आहे, दुपारचा वेळ काढायला रिकाम्या दिवाणखान्यात अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो, आणि खेळता खेळता बेणारेबाईंची खरोखर शिकार होते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण नाटक सुरू कसं होतं? गावातला सामंत आणि बेणारे कुलूप काढून आत येतात आणि तिचं बोट कडीत सापडतं. सामंत भोळेपणानं सांगतो की या कडीचं असंच आहे, ती नीट बाजूला सरकवावी लागते, नाही तर दार ओढलं की आतली माणसं आतच अडकतात. पहिल्या पाच मिनिटांत! आपण हसतो आणि विसरून जातो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खेळ नकोसा होऊन बेणारे निघते, कडी काढते, दार ओढते. दार उघडत नाही. तेंडुलकरांनी तिथे एकही वाक्य जास्तीचं लिहिलेलं नाही. त्या क्षणी तोच दिवाणखाना, त्याच खुर्च्या, तोच उजेड, सगळं बदलतं. रंग बदललेला नाही, दिवा बदललेला नाही. नुसती एक कडी.

शेवटी ते दार बाहेरून उघडतं. आणि उघडणारे कोण, तर प्रयोग सुरू झाला का म्हणून डोकावणारे गावकरी. आत एक बाई उद्ध्वस्त होऊन पडली आहे आणि दारात तिकीटवाले प्रेक्षक. या प्रवेशात त्या गावकऱ्यांना विनोदी करणारे प्रयोग मी पाहिलेत. राग येतो. ती माणसं साधी, उत्सुक, चांगलीच असायला हवीत. आपणच आहोत ते.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकी कवीनं 1846 मध्ये आपण कविता कशी रचतो यावर लेख लिहिला होता. प्रसंगाचा परिणाम साधायचा तर जागा आवळून घ्यावी लागते, चित्राला चौकट लागते तसं, असं त्यात तो सांगतो. म्हणून त्याच्या 'द रेव्हन' कवितेतला कावळा वादळी रात्री एका खोलीत येतो. पो चौकटीबद्दल बोलतो, पण त्याची कविता उघडतेच मुळी दारावरच्या टकटकीनं! दार उघडून बघतो तर बाहेर नुसता अंधार.

थोडं आवाजाबद्दल सांगतो, कारण वातावरण म्हणतो त्यातलं निम्मं कानानं येतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार आली. नव्या व्याख्यानगृहात काही ऐकू येत नाही. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहतो. या गृहस्थानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या पसरायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून आजचं सभागृहशास्त्र उभं राहिलं. त्याच्या मोजमापात माणूस स्वतःही एक गादी ठरला: कपडे घातलेलं शरीर आवाज पितं. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये रंगीत तालीम झाली की नटांना वाटतं आपण काय दणदणीत बोलतोय, आणि प्रयोगाला हॉल भरला की तोच आवाज बसतो. बोलण्याला साधारण एका सेकंदाचा घुमार पुरतो, गाण्याला त्याहून जास्त लागतो.

जुन्या गोव्यातल्या बाँ जेजूच्या बासिलिकेत, 1605 पासून उभ्या असलेल्या त्या उंच एकसंध दालनात, घाईनं चार वाक्यं बोलून बघा. तिसरा शब्द पहिल्यावर जाऊन पडतो. तिथे गायलेलं मात्र छताला लागून पसरून खाली येतं. त्या वास्तूनं ठरवलंय की इथे संथ बोलायचं आणि गायचं. चवथीच्या दिवसांत घरात गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घुमट-आरती होते तेव्हा याच्या उलट. कौलारू बुटकी खोली, माणसं खच्चून, आवाजाला पळायला जागा नाही. आरती छातीत वाजते. आणि घुमटाची गंमत बघा, मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, दुसरं छोटं तोंड उघडं. वाजवणारा डाव्या तळव्यानं ते छोटं तोंड दाबतो, सोडतो, त्यावर नाद बदलतो. आतली हवा कोंडली कशी आणि सोडली कशी यावर सगळं. मी आज तासभर जे बोलतोय ते घुमटवाला एका हातानं करतो.

पणजीच्या कला अकादमीबद्दल बोललो नाही तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. चार्ल्स कोरियांनी कांपालला मांडवीच्या काठी बांधलेली ही इमारत मला या विषयात अभ्यासासारखी वाटते. रस्त्यावरून तुम्ही आत येता आणि कधी आत आलात ते कळतच नाही. छायेतून चालत थेट नदीकाठी पोचता. सबंध इमारतीला जणू दारच नाही. आणि मग त्या मोकळेपणाच्या पोटात दीनानाथ मंगेशकर सभागृह, पक्कं बंद. बाजूच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातल्यासारखे सज्जे रंगवले आणि त्यांत प्रेक्षक बसवले. भिंती असून नसल्यासारख्या, माणसं नसून असल्यासारखी. मंगेशीच्या दीनानाथांचं नाव लागलेल्या सभागृहात रिकाम्या खुर्च्यांपुढे तालीम करणाऱ्या पोरांना निदान ती चित्रातली मंडळी तरी बघत असतात, आणि ती मोबाईल काढत नाहीत.

अंधाराचं एका वाक्यात सांगतो. प्रेक्षागृह काळोखात बुडवायची रीत जर्मनीत बायरॉइटला 1876 मध्ये ऑपेराकार वाग्नरनं रूढ केली. त्याआधी लोक नाटकाइतकंच एकमेकांचे दागिने बघत. आपल्याकडे अजून बघतात, तिसऱ्या घंटेपर्यंत.

आता इथल्या तरुण नाटकवाल्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. त्यांनी मला खास बोलावलंय, आणि स्पर्धा तोंडावर आहे.

दार उघडं टाकलेल्या विंगेनं भागवू नका. एक तरी खरं दार करा, पूर्ण उंचीचं, चौकटीसकट. फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या हलक्या खोट्या भिंतीवर, नुसतं बिजागरीनं लटकवलंत तर आपटताना अख्खी भिंत थरथरते, आणि त्या थरथरीबरोबर प्रेक्षकाचा विश्वासही जातो. चौकटीला मागून तिरका टेकू द्या, तळाला वजन ठेवा. वाळूच्या पिशव्या पुरतात. दार शक्यतो रंगमंचाबाहेरच्या बाजूला उघडू द्या आणि बिजागऱ्या मागच्या कडेला घ्या, म्हणजे पात्र आत येताना फळीआड लपत नाही आणि विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर लोकांना दिसत नाही. दाराबाहेर काय आहे तेही ठरवा. आंगण, गल्ली, जिना, काहीही. तिथे एक वेगळा दिवा लावा. दार उघडलं की त्याची तिरीप आत पडली पाहिजे, मिटलं की गेली पाहिजे. बजेट नसेल तर सोफा काढा. सोफ्याच्या भाड्यात दिव्याचं भागतं.

कडी खरी लावा. आवाज रेकॉर्ड करून लावू नका. नटाचा हात आणि आवाज यांत अर्ध्या क्षणाचं अंतर पडतं आणि ते झाकता येत नाही. आणि हे दार तालमीच्या पहिल्या आठवड्यात जागेवर यायला हवं. आपल्याकडे नेपथ्य प्रयोगाच्या दिवशी दुपारी टेम्पोतून उतरतं. तोवर नटांनी हवेतलं दार उघडलेलं असतं, प्रत्येकानं वेगळ्या उंचीवर, वेगळ्या बाजूला. प्रयोगात मग कोणी ओढायचं दार ढकलतो. सुताराला आगाऊ पैसे द्यावे लागतील. माझ्या सुताराचा नंबर हवा असेल तर नंतर भेटा, पण त्याला माझं नाव सांगू नका.